आरए: रिपोर्ट नॉर्मल, पण मन थाऱ्यावर नाही

कोरांटी | सोमवार, रात्री ११:५०

इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मला आरए आहे, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. वय ४१, राहायला कर्वेनगर. निदान होऊन चारेक वर्षं झाली. मेथोट्रेक्सेट दर रविवारी, जोडीला फॉलिक अ‍ॅसिड, शिवाय रोजची एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन). सुरुवातीला स्टिरॉइड होतं, ते कमी करत करत बंद झालं. पूर्वी सकाळी बोटं सुटायला दोन-अडीच तास जायचे, आता चहा होईपर्यंत मूठ वळते. ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज-जळजळ दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) दोन्ही नॉर्मल. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "मस्त! असंच चालू ठेवा, तीन महिन्यांनी भेटू."

मला मात्र काहीच मस्त वाटत नाहीये. दुखण्याच्या दिवसांत हळहळायचे की पेटीवर बोटं चालत नाहीत. आता चालतात, तर पेटीची खोळ काढावीशी वाटत नाही. मैत्रिणींचे फोन वाजून वाजून बंद होतात. रात्री तीनला जाग येते आणि हिशोब सुरू होतात: ह्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या तर? महागडी इंजेक्शनं सांगितली तर? लेकीलाही हेच झालं तर? घरचे चांगले आहेत हो. सासूबाई म्हणतात, "मनाला लावून घेऊ नकोस." आता लावून घेतेय की ते आपोआप लागतंय, हेच कळेनासं झालंय.

हे आजारामुळे होतं, औषधांमुळे, की माझा स्वभावच असा झालाय? कुणी अनुभवलंय का? आणि सांगायचं कुणाला, सांध्यांच्या डॉक्टरांना की थेट मानसोपचारतज्ज्ञांना?

बाकरवडी | सोमवार, रात्री ११:५८

वाचतेय. माझ्या आईला आहे आरए. सकाळी लिहिते सविस्तर. तीनला जाग आली तर इथे या, आम्ही काही जण असतोच त्या वेळी. :)

तळजाईकर | मंगळवार, सकाळी ६:१०

कोरांटीताई, वाईट वाटलं वाचून. एक सांगतो, राग मानू नका. आमच्या हिचे गुडघे वीस वर्षं दुखतात, पण रोज सकाळी टेकडी, संध्याकाळी भजन, डोक्यात विचार यायला जागाच नाही. मन रमवा. ह्या वयात तक्रार चालायचीच. एकदा का डोक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या की सुटत नाहीत, हे माझं स्पष्ट मत.

गोकर्ण | मंगळवार, सकाळी ९:२५

तळजाईकर काका, काकूंचे गुडघे झिजलेत. आरए म्हणजे झीज नव्हे. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बहुतेकांना तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान गाठते आणि बायकांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. मला ३३ व्या वर्षी झाला. "ह्या वयात चालायचंच" हे मी तेव्हापासून ऐकतेय.

आणि टेकडी! फ्लेअर, म्हणजे आजार उसळलेला असताना बाथरूमपर्यंतचं अंतर टेकडीएवढं होतं काका. राग नाही, पण ही माहिती असू द्या.

कोरांटी, मलाही झालं होतं आणि नेमकं रिपोर्ट सुधारल्यावर झालं. दुखत होतं तोवर मी लढत होते. ऑफिस, डबे, मुलाचा अभ्यास, सगळं दात-ओठ खाऊन. दुखणं उतरलं आणि मीच ढेपाळले. घरात कुणाला कळेना. "आता तर बरी आहेस ना?" हे वाक्य तेव्हा सगळ्यात जास्त टोचलं.

लॉगआउट | मंगळवार, दुपारी १:४०

पुरुष प्रतिनिधी हजर आहे. वय ३६, आयटी, हिंजवडी.

पुरुषाला, तोही तिशीत, संधिवात असतो ह्यावर कुणाचा विश्वासच बसत नाही. मॅनेजर म्हणाला, "माझ्या आजीलाही होता." ह्यावर काय बोलणार? बुलेट विकली, कारण सिग्नलला क्लच धरून ठेवता येईना. गिअर नसलेली स्कूटर घेतली तर मित्रांना वाटलं लग्नानंतर सुधारला.

औषधांबद्दल विचारलंय म्हणून सांगतो. स्टिरॉइडचा मोठा डोस चालू होता तेव्हा मी रात्री दोनला माळा आवरायचो. बायकोला वाटलं, वा, नवरा कामाला लागला. मग डोस उतरवायला घेतला आणि मी असा काही खाली आलो की ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून रडायचो. कारण काहीच नाही. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी उतरवण्याचा वेग कमी केला आणि गोळी सकाळच्या नाश्त्यानंतरच घ्यायला सांगितली. फरक पडला, पण पूर्ण नाही. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. सध्या गोळी चालू आहे. लिहून टाकलं एकदाचं.

बाकरवडी | मंगळवार, दुपारी २:०५

@लॉगआउट, माळा आवरून झाला का शेवटी? आमच्याकडेही आहे एक.

लॉगआउट | मंगळवार, दुपारी २:११

अर्धा. डोस उतरला ना.

चष्मेवाला | मंगळवार, रात्री १०:३०

मी बिबवेवाडीत जनरल प्रॅक्टिस करतो. र्‍हुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांचा तज्ज्ञ) नाही, त्यामुळे कुणाचाही डोस इथे सांगणार नाही. पण कोरांटीताईंच्या प्रश्नाला "स्वभाव" हे उत्तर नाही, एवढं खात्रीने सांगतो.

आरएमध्ये सांध्यांत जी जळजळ चालते तिच्यामागे टीएनएफ, आयएल-६ अशी रसायनं असतात. ती सांध्यापुरती थांबत नाहीत, त्यांचा परिणाम मेंदूवरही होतो. ताप आल्यावर कसं जेवण नको, माणसं नकोत, नुसतं पडून राहावंसं वाटतं? त्याच जातीची ही रसायनं. आरएमध्ये ती वर्षानुवर्षं कमी-जास्त होत राहतात. त्यात दुखण्याने तुटलेली झोप, हातचं सुटलेलं काम, पैशांची धास्ती. आणि स्टिरॉइडचं म्हणाल तर ते पहिल्या दिवसापासूनच असं आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेंच ह्यांनी आरएच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं, १९५० मध्ये त्यावर नोबेलही मिळालं, आणि त्या सुरुवातीच्या वर्षांतच झोप उडणं, अवाजवी उत्साह, काहींना भ्रम हे सगळं दिसलं होतं.

किती जणांना होतं? २०१३ मध्ये ७२ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, एकूण १३,१८९ रुग्ण. नीट मुलाखत घेऊन निदान केलं तर १६.८ टक्के लोकांना मोठं नैराश्य होतं. पीएचक्यू-९ ह्या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीने मोजलं तर ३८.८ टक्के. दोन आकड्यांत एवढी तफावत का, तर थकवा, झोप, भूक हे प्रश्न आरएमुळेही "हो" येतात. पण कमीतला आकडा धरला तरी सहातला एक. तेव्हा ताई, तुम्ही एकट्या नाही, आणि विशेष काही वेगळं घडलंय असंही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे पेशंटला सहसा कुणी सांगत नाही. आजार किती जोरात आहे हे मोजायला डीएएस-२८ वापरतात. २८ सांधे तपासतात, सुजलेले किती, दाबल्यावर दुखणारे किती, मग ईएसआर किंवा सीआरपी. आणि चौथी गोष्ट, "एकंदर कसं वाटतंय" ह्यावर पेशंटने स्वतः शून्य ते शंभरमध्ये दिलेले गुण (शून्य म्हणजे उत्तम, शंभर म्हणजे अगदी वाईट). म्हणजे चारातल्या दोन गोष्टी पेशंटच्या सांगण्यावर. मन खचलेलं असेल तर दुखरे सांधे जास्त भरतात, गुण वाईट पडतात, आकडा फुगतो. डॉक्टरांना वाटतं औषध अपुरं पडतंय, मग ते वाढवतात. सूज नसतानाही! उलट, कोरांटीताईंसारखं कुणी "ठीक आहे" म्हणून उठून आलं की आकडा छान येतो आणि माणूस घरी जाऊन झोपत नाही. दोन्हीकडे नुकसान. म्हणून आधी सांध्यांच्याच डॉक्टरांना सांगा. ते सांगणं म्हणजे रडगाणं नव्हे, ईएसआरइतकीच ती उपयोगाची माहिती आहे.

शिवाय हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, डी ह्या तपासण्या करून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. मरगळ तिथूनही येते.

लेकीची चिंता: सख्ख्या नात्यात शक्यता थोडी वाढते हे खरं. पण आरए असलेल्या आईवडिलांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही, हेही तितकंच खरं.

गोकर्ण | मंगळवार, रात्री १०:५२

ते शून्य ते शंभरचं मला इतक्या वर्षांत कुणी समजावलं नव्हतं! मी दरवेळी सभ्यपणाने तीस द्यायचे. पाहुण्यांना "चहा छान झालाय" म्हणावं तसं.

रास्ना | बुधवार, सकाळी ७:४०

सगळे अ‍ॅलोपॅथीचंच बोलताय. आमवात, म्हणजे तुमचा हा आरए, मुळात पचनाचा विकार. लंघन, एरंडेल, वाळूच्या पोटलीचा शेक, सिंहनाद गुग्गुळ. माझ्या मावशीला वैद्यांच्या औषधाने गुण आला आणि मनही प्रसन्न झालं. पोट साफ तर डोकं साफ.

लॉगआउट | बुधवार, सकाळी ९:०२

एरंडेल घेतलं होतं. मन प्रसन्न व्हायला वेळच मिळाला नाही, दिवसभर एकाच खोलीत होतो.

चष्मेवाला | बुधवार, सकाळी ९:३०

रास्ना, शेकाला ना नाही, बरं वाटतं. पदवीधर वैद्यांशी माझं भांडण नाही. माझी भीती वेगळी आहे. लेबल नसलेल्या पुड्या आणि काळ्या गोळ्या, "तीन दिवसांत फरक" वाल्या. अशांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. पेशंट चार दिवस उड्या मारतो, पुडी संपली की सांधेही धरतात आणि मनही कोसळतं. आणि मेथोट्रेक्सेट आपल्या मनाने बंद करून काहीही करू नका.

रास्ना | बुधवार, सकाळी १०:१५

पुड्यांचं समर्थन मीही केलेलं नाही. पण मेथोट्रेक्सेटने लिव्हरला त्रास होऊ शकतो त्याचं काय?

प्रशासक | बुधवार, सकाळी १०:४०

आयुर्वेद विरुद्ध अ‍ॅलोपॅथी हा सामना ह्या धाग्यावर नको. त्यासाठी जुना धागा आहे, ४१२ प्रतिसादांनंतरही तो अनिर्णित आहे. इथे मूळ प्रश्नावर लिहा.

अबोली_२७ | बुधवार, रात्री १२:२०

मूळ प्रश्नावरच लिहितेय, पण माझं थोडं वेगळं आहे. मी २७ ची, मलाही आरए आहे. घरात स्थळं बघणं चालू आहे. आई माझ्या गोळ्या जिऱ्या-मोहरीच्या मागे, वरच्या फळीवर ठेवते, पाहुणे यायचे असले की. तिचं म्हणणं, आधी पसंती होऊ दे, मग सांगू. मला त्या चहापोह्यांच्या आदल्या रात्री छातीत धडधडतं, हात गार पडतात, श्वास पुरत नाही. एकदा तर मला वाटलं हार्ट अटॅकच. ईसीजी काढला, नॉर्मल.

दुखण्याची एवढी भीती नाही वाटत. ट्रे धरताना हात थरथरला तर, ह्याची वाटते. आणि कुणीतरी म्हटलंय की ह्या गोळ्या घेणाऱ्यांना मूल होत नाही.

गोकर्ण | बुधवार, रात्री १२:४१

अबोली, "कुणीतरी"ला माझा नमस्कार सांग. मेथो चालू असताना मूल होऊ द्यायचं नसतं, एवढंच. डॉक्टर काही महिने आधी ते थांबवतात आणि त्या काळात चालणारी औषधं देतात. एचसीक्यू त्यातलंच. माझा धाकटा तसाच झाला. आणि गंमत म्हणजे त्या नऊ महिन्यांत माझे सांधे आयुष्यातले सगळ्यात शहाणे होते, अनेकींचं तसं होतं. बाळंतपणानंतर मात्र फ्लेअर येऊ शकतो, तेव्हा मदतीची सोय आधीच करून ठेवायची.

लपवून लग्न करू नकोस, हा आगाऊ सल्ला. सासरी जिऱ्या-मोहरीच्या डब्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते गं.

तळजाईकर | गुरुवार, सकाळी ६:०५

अबोलीबाळ, आमच्या मुलाचं लग्न व्हायचंय अजून, पण तो ऑस्ट्रेलियात आहे आणि पोहे त्यालाच छान येतात. हसवायला लिहिलं. आईला हा धागा वाचायला दे.

शनिवारपेठी | गुरुवार, दुपारी ४:३०

नवरा म्हणून लिहितो. बायकोला आरए आहे, वाडा जुना, जिना उंच आणि अरुंद, लिफ्टचा प्रश्नच नाही. ती काही आठवडे खाली उतरलीच नव्हती आणि आम्हाला सगळ्यांना वाटत होतं जिन्यामुळे. मेहुणीने गाडी दारात आणली, दोघांनी धरून उतरवायची तयारी केली, तरी "नको" म्हणाली. तेव्हा उजेड पडला की अडचण जिन्याची नाहीये.

घरच्यांनी काय करावं ह्याबद्दल तिनेच मला सुनावलेलं इथे देतो. "दिवसातून दहा वेळा 'कसं वाटतंय' विचारू नकोस, मला दहा वेळा खोटं बोलावं लागतं. त्यापेक्षा बरण्यांची झाकणं सैल लावून ठेव, दुधाची पिशवी कापून ठेव, आणि मी चिडले तर ते तुझ्यावर नाही असं समज." शेवटचं जमायला वेळ लागतोय. कुकर मात्र मीच उघडतो.

सांध्यांचा डॉक्टर ओपीडीत किती वेळ देणार? बाहेर पन्नास माणसं. ती आत जाते, हसून "बरी आहे" म्हणते आणि बाहेर येते. मग मी एकदा आत घुसलो आणि म्हणालो, "ती बरी नाहीये." घरी येईपर्यंत अबोला होता. पण त्या दिवशीच मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मिळाली.

बाकरवडी | गुरुवार, संध्याकाळी ६:१५

आईचं लिहायचं राहिलं होतं. तिचा मनाचा त्रास सुरू झाला तो गणपतीत. पन्नास-साठ उकडीचे मोदक एकटी वळणारी बाई, त्या वर्षी तिला कळ्या पाडता येईनात. अंगठा आणि बोट मिळेचना. आम्ही म्हटलं, साचा आणू. ती गप्प उठून आतल्या खोलीत गेली आणि त्या वर्षी आरतीलाही बाहेर आली नाही.

गोकर्ण | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

साचा हा शब्द पुण्यात आरएच्या पेशंटसमोर उच्चारू नये.

तळजाईकर | गुरुवार, संध्याकाळी ६:४४

साच्यातला मोदक हा मोदकच नव्हे. ह्यावर मी ठाम आहे.

लॉगआउट | गुरुवार, संध्याकाळी ६:५०

काका, तुम्ही स्वतः किती वळलेत आजवर?

तळजाईकर | गुरुवार, संध्याकाळी ७:२०

खाण्याचा विभाग माझ्याकडे आहे.

बाकरवडी | गुरुवार, संध्याकाळी ७:३५

:D तर पुढच्या वर्षी आईनेच तोडगा काढला. उकड आणि सारण तिचं, वळायला आम्ही आणि भाऊ, आणि ती खुर्चीवर बसून प्रत्येक मोदकाला नावं ठेवणार. सगळ्यात आनंदी ती होती. पण मधल्या वर्षभरात समुपदेशन झालं होतं, ते नसतं तर खुर्चीपर्यंतही आली नसती. नुसत्या मोदकाने काही झालेलं नाही.

सावरी | गुरुवार, रात्री ९:१०

मी समुपदेशक आहे, दीर्घ आजार असलेली बरीच माणसं माझ्याकडे येतात. दोन-तीन गोष्टी.

वर पीएचक्यू-९ चा उल्लेख आला. नऊ प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त आलं तर तज्ज्ञांना भेटायला हवं. मराठीतही मिळते. पण आरए असेल तर पहिल्या दोन प्रश्नांकडे मी जास्त बघते: कशातच रस वाटत नाही का, आणि उदास, निराश वाटतं का. थकवा सांध्यांमुळे असू शकतो. पेटीची खोळ न काढण्याचं कारण सांध्यांत सापडत नाही. आणि नववा प्रश्न जगणं नकोसं होण्याबद्दलचा आहे. त्याचं उत्तर "हो"च्या जवळपास जरी असलं तरी थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. खाजगी परवडत नसेल तर ससूनमध्ये मनोविकार विभागाची ओपीडी आहे.

अबोली, तू लिहिलंस ते पॅनिक अटॅकसारखं वाटतंय, पण निदान प्रत्यक्ष भेटीतच होईल. ह्यावर उपचार चांगले आहेत, आणि ते घेतले म्हणून तू कमकुवत ठरत नाहीस.

तळजाईकर काकांचं "मन रमवा" पूर्ण चुकीचं नाही बरं का. फक्त त्यांचा क्रम उलटा आहे. बरं वाटलं की करेन, असं म्हणत बसलं की काहीच होत नाही. आम्ही सांगतो की वाटायची वाट न बघता घड्याळ लावून करायचं, आणि तेही इतकं छोटं की हसू यावं. पेटी वाजवायची नाही, फक्त खोळ काढून परत घालायची. दुसरं म्हणजे बऱ्या दिवशी सगळं घर आवरून पुढचे चार दिवस झोपून काढायचे नाहीत. आरएवाल्या बायका हे हटकून करतात. बरा दिवस असला तरी काम अर्ध्यातच थांबवायचं.

तळजाईकर | शुक्रवार, सकाळी ६:००

क्रम उलटा असेल, मान्य. गोळ्यांबद्दलचं मत कायम. मात्र हिला गुडघ्याचं "एकंदर कसं वाटतंय" असं काल पहिल्यांदा विचारलं. तिने ऐंशी सांगितले. मी बराच वेळ गप्प बसलो.

कागदपत्रे | शुक्रवार, दुपारी १२:१५

विमा क्षेत्रात आहे म्हणून एक भर. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २१(४): मानसिक आजारावरील उपचारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा लागतो. कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. पण हुरळून जाऊ नका, बहुतेक पॉलिस्या अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देतात. समुपदेशनाची फी, बाह्यरुग्ण गोळ्या ह्यासाठी ओपीडी कव्हर वेगळं घ्यावं लागतं. आरएच्या इंजेक्शनांचंही तसंच, डे-केअरमध्ये बसतं का ते आधी लेखी विचारून घ्या. नवी पॉलिसी घेताना आरए किंवा मानसिक उपचार लपवू नका, नेमकं त्यावर बोट ठेवून दावा नाकारतात.

भिगवणचा_पक्षी | शुक्रवार, रात्री ८:४०

अवांतर: आमच्या भिगवणला लोक फ्लेमिंगो बघायला येतात. पण १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी घरोघरी सांधे मोजत फिरले होते. कॉपकॉर्ड नावाची पाहणी, चार हजारांवर प्रौढ माणसं. आरए निघाला साधारण अर्धा टक्का लोकांना. शेतावर काम करणाऱ्या बायकांची दुखणी तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी वहीत लिहून घेतली. मनाचं म्हणाल तर गावाकडे बाई उदास आहे असं म्हणत नाहीत, "तिचं लक्ष नाही कामात" म्हणतात. माझ्या आत्याबद्दल वर्षानुवर्षं हेच बोललं गेलं.

कोरांटी | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ५:३०

धागा वर काढतेय. सगळ्यांचे प्रतिसाद परत परत वाचले, काही रात्री तीनलाच. :)

तीन महिने न थांबता डॉक्टरांकडे गेले. बोलायला जमणार नाही ह्याची खात्री होती, म्हणून अर्ध्या पानावर लिहून नेलं आणि तो कागद पुढे सरकवला. त्यांनी वाचला, मग शांतपणे दोन-चार प्रश्न विचारले. म्हणाले, आधी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, आधी विचारायला हवं होतं. दोघंही हसलो. सांधे परत तपासले, सूज नाही, त्यामुळे मेथो वाढवलं नाही. बी-१२ कमी निघालं, त्याचं सुरू झालं. आणि मानसोपचारतज्ज्ञांचं नाव दिलं.

तिथे जायला नवऱ्यासोबत मेट्रोने गेले, स्टेशनात लिफ्ट असल्याने जिन्याचं निमित्त करता आलं नाही. बाईंनी निवांत ऐकून घेतलं. सर्ट्रालिनचा लहान डोस दिलाय, शिवाय आठवड्याला एक समुपदेशन. फरक पडला का विचाराल तर अजून खास नाही. झोप थोडी बरी. पेटीचं सावरीताईंनी सांगितलं तसं करतेय, लेक म्हणते आई वेडी झालीये, रोज खोळ काढते आणि घालते.

सासूबाईंना गोळीचं सांगितलंय. त्यांनी विचारलं, "ही पण रविवारीच का?" म्हटलं, नाही, ही रोज. त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

एक शंका. सर्ट्रालिन आणि आरएच्या गोळ्या एकत्र चालतात ना? दोन्ही डॉक्टरांनी हो म्हटलंय, तरी रात्री तेच डोक्यात येतं.

औषधवाला | रविवार, रात्री ९:००

मेडिकल स्टोअर चालवतो, फार्मासिस्ट आहे. दोघांनी हो म्हटलंय तर निर्धास्त घ्या. लक्षात ठेवायच्या गोष्टी एवढ्याच. ह्या गोळ्यांचा खरा असर दिसायला चार-सहा आठवडे जातात, मध्येच "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही स्वतःहून एकदम बंद करू नका. डॉक्टर हळूहळू उतरवतात. तळजाईकर काका, सुटतात बरं गोळ्या, रोज बघतो काउंटरवर.

सर्ट्रालिनच्या जातीच्या गोळ्यांसोबत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशी पेनकिलर वारंवार घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. इतर कुणी एस्सिटॅलोप्रॅम घेत असेल आणि सोबत एचसीक्यू असेल तर डॉक्टरांना सांगा, दोन्हींचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, ते कधी कधी ईसीजी काढून बघतात. आणि मेथो आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, जिवावर बेततं. डबीवर वार लिहा.

लॉगआउट | रविवार, रात्री ९:१२

मी एस्सिटॅलोप्रॅम + एचसीक्यूवाला. ईसीजी झालाय, ठीक आहे. सोमवारी परत विचारतो.

अबोली_२७ | रविवार, रात्री ११:३५

मी सावरीताईंनी सांगितलेल्या नंबरवर फोन केला होता. आईला धागा दाखवला. गोळ्या अजून जिऱ्याच्या मागेच आहेत, पण परवा आलेल्या मुलाला मी स्वतः सांगितलं. त्यांच्याकडून अजून काही कळवलेलं नाही. ट्रे पडला नाही.

कोरांटी | सोमवार, सकाळी ८:२०

अबोली, शाब्बास गं. कळवतील नाहीतर नाही कळवणार.

औषधवाला, धन्यवाद. आज दुपारी दाढ काढायची आहे. दातांच्या डॉक्टरांनी आधीच पेनकिलर लिहून दिलीये, नाव वाचता येत नाहीये.

औषधवाला | सोमवार, सकाळी ८:२६

वाचता येत नसेल तर घेऊ नका. जाण्याआधी त्यांना फोन करून मेथो, एचसीक्यू, सर्ट्रालिन तिन्ही नावं सांगा आणि पॅरासिटामॉलवर भागेल का विचारा. चिठ्ठीचा फोटो मला निरोपात पाठवा, दुकान नऊला उघडतो.